शाईचे डाग आणि संगणकाची मोजदाद



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मानसशास्त्राच्या वर्गात एक गोष्ट सतत बजावत असत: चाचणी माणसाला लावायच्या आधी चाचणीची परीक्षा घ्या. शाईच्या डागांची चाचणी आणि संगणक यांचा सहवास साठ वर्षांचा झाला. त्याबद्दल आज मी जे बोलणार आहे, ते त्यांच्या या सांगण्याला धरूनच.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. मागच्या पडद्यावर जो डाग दिसतो आहे, तो मी कागदावर शाई टाकून, कागदाची घडी घालून तयार केलेला आहे. या चाचणीचे जनक रोर्शाक यांची मूळ दहा कार्डं मी दाखवणार नाही आणि कोणत्या कार्डावर बहुतेकांना काय दिसतं, हेही सांगणार नाही. ती कार्डं इंटरनेटवर कुणालाही सापडतात, हे मला माहीत आहे. २००९ साली जेम्स हाइलमन या कॅनेडियन डॉक्टरांनी दहाही कार्डं विकिपीडियावर टाकली, तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी मोठा आक्षेप घेतला होता. पण या सभागृहातल्या एखाद्याला उद्या ही चाचणी द्यावी लागू शकते. त्याची पहिली नजर कोरी राहावी, एवढी काळजी मी घेणार.

हेरमान रोर्शाक हे स्वित्झर्लंडमधल्या हेरिसाउ इथल्या मनोरुग्णालयात डॉक्टर होते. वडील चित्रकलेचे शिक्षक, स्वतः उत्तम चित्रं काढणारे. १९२१ साली बर्नमध्ये त्यांचं ‘सायकोडायग्नोस्टिक’ हे पुस्तक दहा कार्डांसह प्रसिद्ध झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये, अपेंडिक्सचा त्रास विकोपाला जाऊन, वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते गेले. लोकांच्या मनात त्यांची प्रतिमा आहे ती डागांमध्ये मनाची गुपितं वाचणाऱ्या जादूगाराची. प्रत्यक्षात हा मोजदाद करणारा माणूस होता. पुस्तकामागे ४०५ व्यक्तींच्या उत्तरांची आकडेमोड होती, त्यात रुग्ण होते आणि निरोगी माणसंही होती. माणसाला काय दिसलं यापेक्षा ते कसं दिसलं, हे त्यांना मोजायचं होतं: पूर्ण डाग पाहिला की तुकडा, आकार पाहिला की रंग, स्थिर वस्तू दिसली की हालचाल. पुस्तकाला त्यांनी प्रयोगाचं रूप दिलं होतं आणि तो प्रयोग पुरा करायला त्यांना आयुष्य मिळालं नाही.

मोजदाद म्हणजे नेमकं काय, ते या माझ्या डागावर पाहू. समजा, एक प्रयुक्त, म्हणजे चाचणी देणारा माणूस, म्हणाला, “एक म्हातारा पाण्यावर वाकून मासे शोधतोय.” परीक्षक हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतो. सगळी कार्डं झाल्यावर तो परत येतो आणि विचारतो, हे कुठे दिसलं आणि कशामुळे तसं वाटलं? प्रयुक्त बोट ठेवून सांगतो, “ही वाकलेली पाठ. खालचा भाग पाणी वाटतो, कारण तो वर गडद आहे आणि खाली पुसट होत गेलाय.” आता गुणांकन सुरू होतं. जागा: डागाचा एक तुकडा. मानवी हालचाल आहे. राखाडी छटांचा उपयोग केला आहे. आशय मानवी. आणि सगळ्यात कळीचा प्रश्न: डागाचा हा भाग खरोखर वाकलेल्या माणसासारखा आहे का, की प्रयुक्ताने आकाराला धाब्यावर बसवून काहीतरी पाहिलं? अशी वीस-पंचवीस उत्तरं, प्रत्येकाची पाच-सात चिन्हं, मग त्यांच्या बेरजा, गुणोत्तरं आणि निर्देशांक. हाताने करायचं तर तास-दोन तास सहज जातात, आणि थकलेल्या माणसाच्या बेरजा चुकतात. संगणकाला इथे पहिलं आमंत्रण मिळालं ते याच कारणाने.

पण त्याआधी एक अडचण दूर व्हायला हवी होती. रोर्शाक चाचणीत कुणी दहा उत्तरं देतो, कुणी पन्नास. ज्याने पन्नास दिली त्याच्या खात्यात हालचालीची, रंगाची, कशाचीही उत्तरं जास्त निघणारच. मग फरक स्वभावातला आहे की बडबडेपणातला? ली क्रॉनबाक यांनी १९४९ साली रोर्शाक संशोधनातल्या संख्याशास्त्राचा जो आढावा घेतला, त्यात असे दोष परखडपणे दाखवले. टेक्सास विद्यापीठातल्या वेन होल्ट्झमन यांनी त्यावर मुळापासून उपाय केला. १९६१ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी नवी चाचणी पुढे आणली: ४५ डागांचा संच, त्याला समांतर असा ४५ डागांचा दुसरा संच, प्रत्येक डागाला एकच उत्तर आणि गुणांकनासाठी २२ ठरलेली चलं, म्हणजे मोजायच्या बाबी. उत्तरांची संख्या सगळ्यांची सारखी. समांतर संच असल्यामुळे तीच चाचणी काही महिन्यांनी पुन्हा घेता येऊ लागली. याच चाचणीच्या आधारे ऑस्टिन आणि मेक्सिको सिटी इथल्या शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून झालेला अभ्यास १९७५ साली ग्रंथरूपात आला. माझ्या मते शाईडाग संशोधनातली ही सर्वांत प्रामाणिक सुधारणा होती. दवाखान्यांत मात्र ती फारशी रुजली नाही, जुन्या दहा कार्डांचा दबदबा कायम राहिला.

होल्ट्झमन चाचणीवरच संगणकाचा पहिला मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनातले संशोधक डोनाल्ड गोरहॅम यांनी १९६० च्या दशकात सुमारे ४,००० शब्दांचा एक कोश तयार केला. प्रयुक्त डाग पाहून थोडक्या शब्दांत उत्तर लिहिणार, ते शब्द संगणकात जाणार, प्रत्येक शब्दाला कोशात गुण ठरवलेले असणार. २२ पैकी १७ चलांचे गुण अशा रीतीने यंत्राने दिले. त्या काळच्या, खोलीभर जागा व्यापणाऱ्या संगणकांकडून हे करून घेतलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. हजारो उत्तरपत्रिका एकाच मापाने मोजल्या गेल्या. परीक्षकाचा मूड, त्याचा थकवा, रुग्णाबद्दलचं त्याचं आधीचं मत, यांतलं काहीही गुणांत शिरलं नाही.

आता आपल्या म्हाताऱ्याला त्या कोशापुढे उभं करू. ‘म्हातारा’: मानवी आशय, ठीक. ‘वाकून’, ‘शोधतोय’: हालचाल, ठीक. ‘मासे’: प्राणी आशय. इथे यंत्र फसलं. त्या उत्तरात मासा कुठेही दिसलेला नाही, तो फक्त शोधला जातो आहे. शिवाय पाणी कशामुळे पाणी वाटलं, बोट कुठे ठेवलं, आकार जुळत होता का, हे शब्दांत उतरलंच नसेल, तर कोशाला त्याचा पत्ता नाही. मराठीत हे काम आणखी अवघड होतं, कारण आपल्याकडे शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं चिकटतात. वटवाघूळ, वटवाघळाचे, वटवाघळासारखं, वटवाघळांचा थवा या सगळ्यांचं मूळ एक आहे, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. आजच्या भाषा-प्रारूपांना हे बऱ्यापैकी जमतं. बोट कुठे ठेवलं, हा प्रश्न तरीही उरतोच.

गोरहॅम मोजत होते, त्याच काळात झिग्मुंट पिओत्रोव्स्की एक पाऊल पुढे गेले. हे पोलंडमध्ये जन्मलेले, अमेरिकेत रोर्शाकचे मोठे जाणकार मानले गेलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी गुणांकन माणसाकडेच ठेवलं आणि अर्थनिर्णयन यंत्राकडे सोपवलं. गुणांची अमुक जुळणी असेल तर माणसाबद्दल तमुक विधान करायचं, असे शेकडो नियम त्यांनी लिहून काढले आणि १९६४ साली या कामावरचा निबंध प्रसिद्ध केला. या खटाटोपातलं मला मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. अनुभवी परीक्षक “मला तसं जाणवलं” म्हणून जे निष्कर्ष काढतो, ते का काढतो, हे पिओत्रोव्स्की यांना स्वतःलाच शब्दांत मांडावं लागलं. यंत्राला ‘जाणवलं’ चालत नाही. एकदा नियम कागदावर आला की दुसरा संशोधक म्हणू शकतो, हा नियम मला दाखवा, मी तो शंभर माणसांवर पडताळून पाहतो. गुरूच्या अंगात असलेली विद्या अशी तपासणीला खुली झाली.

दुर्दैवाने पुढचा बाजार तपासणीच्या वाटेने गेला नाही. अमेरिकेत रोर्शाकच्या पाच वेगवेगळ्या पद्धती चालत होत्या. त्या सांधून जॉन एक्सनर यांनी १९७४ साली ‘सर्वंकष पद्धती’ मांडली. नियम काटेकोर, गुणांकनाचे तक्ते तयार, निरोगी माणसांची प्रमाणकं हाताशी. यावर आधारलेली संगणकीय अहवालाची साधनं बाजारात आली. गुण भरले की छापील अहवाल बाहेर: हा माणूस ताण कसा सोसतो, भावना कशा आवरतो, स्वतःकडे कसा पाहतो. न्यायालयांत, मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत, कैद्यांच्या तपासणीत या अहवालांना वजन आलं. कागदावर छापलेल्या वाक्याचा एक दरारा असतो, आणि ते यंत्राने छापलं असेल तर तो दुप्पट होतो.

आणि मग २००१ साली एक गोष्ट उघडकीला आली. मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती माहीत असायला हवी असं मला वाटतं. एक्सनर यांच्या प्रौढांच्या प्रमाणकांचा नमुना ७०० निरोगी व्यक्तींचा सांगितला जात होता. त्यातल्या २२१ नोंदी दोनदा मोजल्या गेल्या होत्या. म्हणजे खऱ्या व्यक्ती होत्या ४७९. सुमारे दहा वर्षं जगभरचे परीक्षक ‘सामान्य माणूस असा असतो’ हे त्या आकड्यांकडे पाहून ठरवत होते. चूक एक्सनर यांनी स्वतः जाहीर केली आणि ६०० व्यक्तींचा सुधारित नमुना दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण जरा विचार करा. दुबार नोंदी शोधणं हे संगणकाचं अगदी साधं काम आहे. आपल्या बँकांचे संगणक ते रोज करतात. ज्या यंत्राने हजारो माणसांचे अहवाल छापले, त्या यंत्राला त्याच्या पायाखालचा तक्ता तपासायला कुणी सांगितलं नाही.

दुबार नोंदी हाच एक दोष होता, असंही नाही. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या १०० मुलांवर एक अभ्यास झाला. मुलं शाळेत नीट जाणारी, पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांनुसार निकोप. प्रचलित प्रमाणकांशी ताडून पाहिलं, तर याच मुलांमध्ये विचारांची आणि भावनांची गंभीर गडबड असल्याचं चित्र उभं राहत होतं. श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. निकोप मुलाच्या नावावर असा अहवाल लागला, तर त्याच्या आईवडिलांचं काय होत असेल? त्याची शाळा त्याच्याकडे कशी पाहील? आकड्यांची चूक आकड्यांपाशी थांबत नाही, म्हणून मला या विषयाची इतकी तळमळ आहे.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं मात्र आशेची आहेत, कारण संगणक अखेर योग्य कामाला लागला. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली चाचणीवर घणाघाती टीका करणारं पुस्तक लिहिलं. समर्थकांनी उत्तर दिलं ते माहितीचे ढीग एकत्र करून. २००७ साली १७ देशांतल्या २१ नमुन्यांमधून ४,७०४ प्रौढांची प्रमाणकं प्रसिद्ध झाली. २०११ साली ‘आर-पास’ ही नवी पद्धती आली. तिच्यात प्रत्येक कार्डाला दोन किंवा तीन उत्तरं मागतात, चौथं आलं की कार्ड परत घेतात. क्रॉनबाक यांनी दाखवलेलं दुखणं असं बासष्ट वर्षांनी आटोक्यात आलं. गुणांची आकडेमोड ऑनलाइन होते. आकार जुळतो की नाही, हेही आता एका तज्ज्ञाच्या मतावर सोडलेलं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो परीक्षकांनी तेरा हजारांहून अधिक वस्तूंबद्दल ‘ही वस्तू या जागी कितपत बसते’ याचे गुण दिले आणि त्यातून तक्ते तयार झाले. २०१३ साली जोनी मिहुरा आणि सहकाऱ्यांनी ६५ चलांवरचं संशोधन एकत्र करून पाहिलं. काही चलांना भक्कम आधार सापडला, काहींना जवळजवळ काहीच नाही. विचारांचा विस्कळितपणा आणि वास्तवाचं भान यांच्याशी निगडित चलं उजवी ठरली. २०१५ साली टीकाकारांनी, म्हणजे वुड यांच्याच गटाने, हे निष्कर्ष त्या चलांपुरते मान्य केले आणि चाचणीचा वापर सरसकट थांबवण्याची मागणी मागे घेतली. विज्ञानातला वाद असा मिटताना पाहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

संगणकाने डागांबद्दलही काही नवं सांगितलं. ओरेगॉन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर यांच्या गटाने २०१७ साली रोर्शाकच्या डागांच्या कडा मोजल्या. डागाची कड म्हणजे किनारपट्टीच. जवळ जाल तसतसे नवे कंगोरे दिसत जातात. हा कंगोरेदारपणा एका आकड्यात पकडता येतो. कड जितकी साधी, तितक्या जास्त प्रतिमा लोकांना दिसतात. कड फार गुंतागुंतीची झाली की प्रतिमा कमी होतात. संगणकावर बनवलेल्या आकृत्यांवरही असाच कल मिळाला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. उत्तरांची संख्या काही अंशी डागाच्या भूमितीवरच अवलंबून असेल, तर ती सगळीच्या सगळी माणसाच्या स्वभावावर ढकलता येणार नाही. आता हव्या त्या कंगोऱ्याचे हजारो डाग संगणक तयार करू शकतो. होल्ट्झमन यांना जे समांतर संच मोठ्या कष्टाने जमवावे लागले, ते आज कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहेत.

त्याच संगणकशास्त्रातून एक भलताच पुरावाही मिळाला. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी डागांवरून पासवर्ड बनवण्याची युक्ती सुचवली. दहा डाग पाहायचे, प्रत्येकात जे दिसेल त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर घ्यायचं, वीस अक्षरांचा पासवर्ड तयार. ही युक्ती चालायची तर दोन गोष्टी खऱ्या हव्यात: एकाला दिसतं ते दुसऱ्याला सहज ओळखता येत नाही, आणि ज्याला दिसलं त्याला ते पुढेही तसंच दिसतं. रोर्शाकचा मूळ विश्वास याच दोन खांबांवर उभा होता.

एमआयटीच्या २०१८ मधल्या ‘नॉर्मन’ची बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. चित्रांना ओळी सुचवणारं एक यंत्र मृत्यूच्या भीषण चित्रांच्या वर्णनांवर पोसलं, दुसरं साध्या चित्रांवर, आणि दोघांना शाईचे डाग दाखवले. एकाच डागात साध्या यंत्राला फांदीवर बसलेले पक्षी दिसले, नॉर्मनला विजेचा धक्का बसलेला माणूस. वर्तमानपत्रांनी त्याला मनोरुग्ण यंत्र म्हटलं. त्या संशोधकांचा मुद्दा सरळ होता: यंत्राला जे भरवाल, तेच ते पाहील. अहवाल छापणाऱ्या यंत्रांनाही हा नियम तितकाच लागू आहे.

आता आपल्याकडे येऊ. वर सांगितलेल्या १७ देशांच्या यादीत भारत नाही. आपल्याकडे डागांच्या संशोधनाची परंपरा नाही, असं मात्र नाही. अलास्कातले मनोविकारतज्ज्ञ विल्फ्रेड कॅसल यांनी शरीराशी संबंधित प्रतिमांना वाव देणारी ‘सोमॅटिक इंकब्लॉट सिरीज’ तयार केली. तिचा एक संच २० प्रतिमांचा, दुसरा ६२ प्रतिमांचा, शिवाय व्हिडिओ आवृत्ती. डॉ. बी. एल. दुबे यांच्यामुळे ती भारतात पसरली आणि १९९४ पासून प्रक्षेपण तंत्रांना वाहिलेलं एक संशोधन-नियतकालिकही त्या गटाने चालवलं. परंतु मराठीत विचार करणारा, मराठीत उत्तर देणारा निरोगी माणूस डागांकडे कसा पाहतो, याचा आपल्या हाताशी असलेला तक्ता कुठे आहे? गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याची आणि दादरच्या गृहिणीची उत्तरं आपण कुणाशी ताडून पाहतो? बहुतेक वेळा परदेशी प्रमाणकांशी, आणि तेही मराठीतली उत्तरं मनातल्या मनात इंग्रजीत करून.

हा तक्ता तयार करायला आज पैसा फारसा लागत नाही. लागते ती शिस्त. उत्तर मूळ मराठीत, बोलीसकट, शब्दशः नोंदवायचं. छापील कार्डं हातात द्यायची. मोबाइलच्या पडद्यावर राखाडी छटा उजेडानुसार बदलतात आणि कार्ड हातात घेऊन फिरवण्याची मोकळीकही जाते. बोट ठेवलेली जागा टॅबलेटवरच्या नकाशात नोंदवायची, म्हणजे म्हातारा कुठे आणि पाणी कुठे, हे कायम राहील. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि दोघांत कुठे मतभेद झाला, हे संगणकाने दाखवायचं. आणि दुबार नोंदी रोज तपासायच्या.

संमतीचा भाग मी जाणूनबुजून शेवटी ठेवला आहे. १९५६ पासून बर्ट कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने अनेक समाजांतल्या लोकांच्या रोर्शाक नोंदी, जीवनकथा, स्वप्नं सूक्ष्म छपाईच्या कार्डांवर उतरवून ग्रंथालयांना दिली गेली. कल्पना भव्य होती: जगातली कच्ची माहिती सगळ्या संशोधकांना खुली. काही वर्षांत ती कार्डं वाचायची यंत्रंच अडगळीत गेली आणि तो ठेवा जवळजवळ विसरला गेला. रिबेका लेमोव्ह यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात त्याची हकिगत सांगितली आहे. त्यातून दोन धडे मिळतात. माहिती अशा रूपात ठेवा की पन्नास वर्षांनीही ती उघडता येईल. आणि ज्याने आपलं मन उघडं केलं, त्याला त्या नोंदीचं पुढे काय होणार, हे त्याच्या भाषेत सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आला आहे. ओळख पुसलेली, संमतीने दिलेली आणि मागे घेण्याची मुभा असलेली नोंद एवढीच आपल्या संग्रहात यावी.

माझी विनंती दोघांना आहे. मराठी मुलखातल्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांना आणि मनोरुग्णालयांतल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना: पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध एकमेकांपासून तुटलेले ठेवू नका. एकाच पद्धतीने नोंदी घ्या, एका जागी जमा करा, कच्ची माहिती एकमेकांना तपासायला द्या. आणि श्रोत्यांना: नोकरीसाठी, लग्नासाठी किंवा मुलाच्या शाळेसाठी कुणी मोबाइलवर डाग दाखवून तुमचा स्वभाव सांगणारा छापील अहवाल हातात ठेवला, तर त्याला विचारा की हा अहवाल कोणत्या भाषेतल्या, कोणत्या लोकांच्या उत्तरांशी ताडून काढला आहे. नीट उत्तर मिळालं नाही, तर तो अहवाल स्वीकारू नका.